‘सगळं ठीक आहे’: एका फौजी घराची दिवाळी

(प्रकरण अभ्यास)

नावं बदलली आहेत. युनिट, दवाखाना आणि गल्ली ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. तारखा मात्र खऱ्या ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणात सगळा घोळ तारखांचाच आहे. माझे मिस्टर सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मी शाळेत शिकवत होते. आता आसपासच्या तीन-चार वसाहतींतल्या फौजी घरांत माझं जाणं-येणं असतं. कुणाचा फॉर्म भरून दे, कुणाच्या सासूशी बोल, असली कामं. या प्रकरणात मी नुसती बघणारी नव्हते. एक चूक माझीही आहे, ती जागेवर सांगेन.

पार्श्वभूमी

सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, पुढे शहाबादी फरशीचं अंगण. तात्या आधी गिरणीत आणि ती बंद पडल्यावर यंत्रमागावर होते. आजी अडुसष्ट वर्षांच्या, जिभेनं तिखट. सून वैशाली शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात शिलाईला जाते. नात गौरी तेव्हा दुसरीत होती. आणि ज्याच्यावर हे घर उभं आहे तो तात्या-आजींचा मुलगा प्रकाश पायदळात नाईक या हुद्द्यावर, चौदा वर्षं नोकरी झालेली, वर्षभर लडाखमध्ये.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, मग काय, तीन महिने घरीच की. पण रजा हक्काची असली तरी ती कधी मिळणार हे युनिट ठरवतं. एका वेळी किती माणसं खाली सोडायची याचा हिशेब असतो, आणि गणपती, दिवाळी, लग्नसराई सगळ्यांनाच हवी असते. त्यात लडाखची उंची. पहिल्यांदा वर जाणाऱ्याला ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार आणि त्याच्याही वर जायचं तर पुन्हा चार दिवस शरीराला सवय करून द्यावी लागते. रजेवरून परत येणाऱ्यालाही यातला काही भाग चुकत नाही. म्हणून ‘दोन दिवस येऊन जा की’ हे नातेवाइकांचं वाक्य ऐकलं की मला हसू येतं.

२०२२ साली प्रकाशची रजा १८ ऑक्टोबरपासून मंजूर झाली होती. वसुबारस २१ तारखेला होती, म्हणजे दिवाळी पुरी हाती लागणार. तरीसुद्धा वैशालीनं दसऱ्याच्या आधीच नेहमीसारखं पार्सल पाठवलं होतं. रजा मिळो न मिळो, फराळाचं पार्सल जातंच, असा तिचा नेम. फराळापेक्षा त्यात कडक भाकरीच जास्त असते. ज्वारीची पातळ भाकरी करून खुटखुटीत वाळवायची, वर्तमानपत्राच्या घड्या मध्ये घालून चळत रचायची. शेंगा चटणी आजी उखळातच कुटतात. तिचं तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्या आणि वर दूधपावडरचा रिकामा डबा. मग तात्या सगळ्यावर मांजरपाट शिवतात आणि गौरी स्केचपेननं पत्ता लिहिते: नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ. एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. त्यात गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. गौरीला कितीतरी दिवस वाटायचं की छप्पन एपीओ नावाचं एक गाव आहे आणि पप्पा तिथं राहतात.

अडचण

१४ ऑक्टोबरला रात्री प्रकाशचा फोन आला. रजा पुढे ढकलली. कारण त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. चौदा वर्षांत एवढं शिकून होतं. किती पुढे, तेही माहीत नव्हतं. दोघांनी फोनवरच ठरवलं की गौरीला आणि आजीला आत्ता सांगायचं नाही. गौरीची सहामाही परीक्षा चालू होती आणि आजी चकलीची भाजणी दळून आणून बसल्या होत्या. ‘बघू, चार दिवसांत काही झालं तर होईल.’

हा पहिला लपवाछपवीचा निर्णय. तो इतका सहज झाला की तो निर्णय आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

१८ तारीख गेली, तशी गौरीला ‘गाडी लेट आहे’ असं सांगितलं. वसुबारसेपर्यंत गाडी लेटच होती. दिल्लीहून सोलापूरला कर्नाटक एक्स्प्रेस एक रात्र आणि एक दिवस घेते, हे त्या पोरीला पाठ. तिनं बोटं मोजून आईला सांगितलं की एवढी लेट गाडी नसते. धनत्रयोदशीला आजींना कळलं, तेही शेजारच्या अक्कांकडून, कारण वैशालीनं मन मोकळं केलं होतं ते अक्कांपाशी. आजींनी त्या दिवशी सुनेशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी २३ तारखेला संध्याकाळी, अंगण धुऊन रांगोळी काढायला म्हणून आजी बाहेर आल्या आणि ओल्या फरशीवर पाय सरकला. पडल्या त्या उठल्याच नाहीत. उजवा पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला. मी पोचले तेव्हा तात्या त्यांच्या डोक्याखाली दुमडलेली चादर घालत होते. १०८ ला फोन केला. दवाखान्यात एक्स-रे झाला: खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन लागेल, आणि या वयात ते शक्यतो ४८ तासांत झालेलं बरं. उशीर झाला तर माणूस अंथरुणाला खिळतो, छातीत कफ साठतो, जखमा होतात. डॉक्टर सरळ बोलले आणि बरं झालं सरळ बोलले.

आता बघा वार. २२ चा शनिवार चौथा, बँक बंद. २३ रविवार. २४ लक्ष्मीपूजन, बंद. २५ ला चालू, २६ ला पाडवा-भाऊबीज एकाच दिवशी, पुन्हा बंद. दवाखान्याला ४०,००० आगाऊ हवे होते. पगाराचं खातं प्रकाशच्या एकट्याच्या नावावर, कार्ड त्याच्याजवळ. वैशालीच्या खात्यात अकरा हजार. शेवटी कारखान्यातल्या बायकांची भिशी उपयोगी पडली. ज्या बाईचा नंबर लागला होता तिनं रात्री साडेनऊला पाकीट आणून दिलं.

आणि मग दवाखान्याच्या जिन्यात वैशालीनं मला विचारलं, “काकू, यांना सांगू का?”

मी म्हणाले, “आत्ता नको. ऑपरेशन होऊ दे. तिकडं तो काय करणार आहे? उगाच जिवाला घोर.”

ही माझी चूक. माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा मी मिस्टरांना तीन दिवसांनी कळवलं होतं आणि स्वतःला फार खंबीर समजले होते. तेच औषध मी पुढच्या पिढीला दिलं.

पर्याय काय होते

त्या रात्री आम्ही पर्याय मांडून बसलो नव्हतो. हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण आहे. पण तीन वाटा होत्या.

एक, लगेच कळवून आणीबाणीची रजा मागायची. जुन्या काळी यासाठी तार असायची, ‘मदर सीरियस, कम सून’. इतक्या घरांनी ती खोटी पाठवली की खऱ्या तारेवरही कुणी विश्वास ठेवेना. २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली, पण संशय राहिला. म्हणून युनिट खातरजमा करून घेतं: दवाखान्याचा कागद लागतो, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा किंवा पोलिसांचा दुजोरा मागतात. होत नाही असं नाही, होतं. मात्र पोस्टवरून, म्हणजे वरच्या चौकीवरून, खाली यायचं, लेहहून विमानात जागा मिळायची, मग दिल्ली, मग गाडी. तो पोचेपर्यंत भाऊबीज उलटून गेली असती आणि ऑपरेशन तर केव्हाच झालं असतं.

दोन, कळवायचं, पण ‘येऊ नकोस’ असं म्हणायचं. हे वैशालीला सगळ्यात अवघड वाटत होतं. तिचं म्हणणं, सांगायचं आणि वर येऊ नको म्हणायचं, म्हणजे त्याला तिथं जाळत ठेवायचं.

तीन, सगळं उरकल्यावर कळवायचं. आम्ही हे निवडलं.

खरं तर आणखी एक गोष्ट होती, जिचा विचार त्या रात्री कुणीच केला नाही. आजींचं नाव प्रकाशच्या रेकॉर्डला अवलंबित म्हणून चढलेलं होतं, म्हणजे लष्करी रुग्णालयात त्यांना उपचार मिळू शकत होते. पण तसं मोठं रुग्णालय पुण्याला, अडीचशे किलोमीटरवर, आणि मोडलेल्या खुब्यानं एवढा प्रवास कोण करणार? ते ठीक. पण आणीबाणीत खाजगी दवाखान्यात भरती केलं तर ते लष्कराच्या यंत्रणेला ताबडतोब कळवायचं असतं. पुढे बिलाचा परतावा मागताना पहिला प्रश्न येतो तो ‘कधी कळवलंत’ हाच. म्हणजे प्रकाशला न सांगण्यात आम्ही फक्त त्याची झोप वाचवत नव्हतो, घरचे पैसेही घालवत होतो.

काय केलं, काय घडलं

२४ तारखेला सकाळी फिजिशियननं तपासलं. इम्प्लांटचा विक्रेता दुकान बंद करून गावी गेलेला, त्याला फोनाफोनी झाली. ऑपरेशन मंगळवारी २५ ला सकाळी ठरलं. आणि आजी अडून बसल्या. २५ ला सूर्यग्रहण होतं. ग्रहणात अंगाला सुरी लावून घ्यायची नाही, मेले तरी चालेल.

सगळे समजावून थकले. डॉक्टरांनी विज्ञान सांगितलं, वैशाली रडली. तात्या काही न बोलता घरी गेले आणि खिळ्याला टांगलेलं दाते पंचांग घेऊन आले. सोलापुरातल्या घरात पंचांग म्हणजे हेच, ते निघतंही इथूनच. त्यांनी चष्मा लावून ग्रहणाचं पान वाचून दाखवलं: ग्रहण संध्याकाळी आहे, आणि बालक, वृद्ध, आजारी यांच्यासाठी वेध उशिरा सुरू होतात. “तू म्हातारी हायस आणि आजारी बी हायस. सकाळी नऊला तुला काय लागू होत नाही.” आजींनी पंचांग स्वतःच्या हातात घेऊन बघितलं. त्यांना वाचता येत नाही. पण पान उलटून-पालटून बघितलं आणि म्हणाल्या, “बरं.”

मी बरीच वर्षं लोकांना समजावण्याचं काम करते आहे. त्या दिवशी मी तात्यांकडून शिकले की समोरच्याचं पुस्तक काढून त्यातलीच ओळ दाखवावी.

इकडे घरी गौरी अक्कांकडे होती. त्या दिवशी पंतप्रधान कारगिलला जवानांबरोबर दिवाळी साजरी करत होते आणि टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. गौरी पडद्याला नाक लावून एकेक चेहरा बघत होती. पप्पा कारगिलला नाहीत, हे तिला कोण सांगणार? लडाख म्हणजे तिच्या लेखी एक मोठं मैदान. संध्याकाळी सातला फोन वाजला. वैशाली मोबाइल चार्जिंगला लावून दवाखान्यात डबा द्यायला गेली होती. फोन गौरीनं घेतला.

ती काय बोलली हे अक्कांनी मला जसंच्या तसं सांगितलं. “पप्पा, तुम्ही टीव्हीवर का नव्हता? आजीचं हाड मोडलंय, पण मी तुम्हाला सांगायचं नाहीये.” आणि लाइन तुटली.

त्यानंतर तीन दिवस संपर्क नाही. हवामान होतं की लाइन होती, देव जाणे.

प्रकाशनं तिथं काय केलं ते नंतर कळलं. त्यानं पोस्टवरच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी वायरलेस सेटवरून खाली कळवलं. खालून एका सुभेदारांनी रेकॉर्डमध्ये असलेल्या नंबरवर, म्हणजे तात्यांच्या साध्या मोबाइलवर, २६ तारखेला दुपारी फोन केला. अनोळखी नंबर, हिंदी आवाज, ‘आपके घर में सब ठीक है?’ तात्या घाबरले. त्यांना वाटलं, प्रकाशचंच काही झालंय आणि आता आपल्याला सांगणार. घशाला कोरड पडली आणि सवयीनं तोंडातून निघालं, “सब ठीक है साब, कुछ नहीं, सब ठीक है.”

तो निरोप वर गेला. म्हणजे एका बाजूला मुलगी सांगते हाड मोडलंय, दुसऱ्या बाजूला बाप सांगतो काहीच झालेलं नाही. प्रकाशनं त्यातून जो अर्थ काढायचा तोच काढला. मला तो जानेवारीत म्हणाला, “काकू, मी मान्य केलं होतं. आई गेली, आणि हे लोक मला तेराव्यानंतर सांगणार.”

ऑपरेशन २५ ला व्यवस्थित पार पडलं होतं. आजी २६ ला उशीला टेकून भात खात होत्या.

२६ ला भाऊबीज. प्रकाशची बहीण बार्शीहून आली होती. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळायचं. पण आदल्याच दिवशी अमावास्या, चंद्र काही दिसेना. तिनं दवाखान्याच्या गच्चीवरून मावळतीकडे अंदाजानं निरांजन ओवाळलं. तिथंच तात्यांनी सहज सांगितलं की दुपारी मिलिटरीचा फोन आलेला, मी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. ते ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. सुभेदाराची बायको आहे मी, तो फोन कशासाठी येतो हे मला ठाऊक आहे.

त्या जागेवरून मी आमचा सल्ला मागे घेतला. तात्यांच्या मोबाइलवरून त्याच नंबरला उलटा फोन लावला, स्वतःची ओळख दिली आणि तारीखवार सगळं सांगितलं: कधी पडल्या, काय मोडलं, ऑपरेशन कधी झालं, आता कशा आहेत. सुभेदार साहेबांनी एकच विचारलं, “माताजी बात कर सकती हैं?” मग वैशालीच्या मोबाइलवरून एक्स-रेचा फोटो आणि डिस्चार्जच्या आधीचा कागद व्हॉट्सअ‍ॅप केला आणि आजींचा व्हिडिओ काढला. मी सांगितलं होतं की आजची तारीख बोला, म्हणजे तो जुना आहे असं वाटायला नको. आजी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “पक्या, आज भाऊबीज हाय. मी हाय. भात खाल्लाय, मीठ कमी होतं. तुझी बायको रडालीय, तिला काय बोलू नको.” मग मला म्हणाल्या, “एवढं पुरे का अजून बोलू?”

पोस्टवर व्हिडिओ जायची सोय नव्हती. सेटवरून निरोप गेला की आई बोलतेय, ऑपरेशन झालंय, सुभेदारांनी स्वतः पाहिलंय. २८ ला प्रकाशला खाली आणलं आणि तिथं त्यानं तो व्हिडिओ बघितला. मग फोन केला.

तो फोन चाळीस मिनिटं चालला आणि पहिली दहा मिनिटं चांगली नव्हती. “तू मला माझ्याच घरात पाहुणा केलंस,” असं तो वैशालीला म्हणाला. तिनं उत्तर दिलं, “आणि तुम्ही चौदा तारखेला रजेचं लपवायला लावलं ते?” दोघांचंही खरं होतं.

दुसरा निर्णय, या वेळी त्याचा

युनिटनं रजा देऊ केली होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा गोष्टीत कुणाला तरी दुष्ट ठरवायची आपल्याला घाई असते. आत्ता दहा-बारा दिवस नैमित्तिक रजा घेऊन ये, असं त्याला सांगण्यात आलं. जायचं की थांबायचं हे त्याला ठरवायचं होतं, आणि या वेळी सगळी माहिती त्याच्या हातात होती.

त्यानं डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलून घेतलं. वॉकर किती दिवस, आधाराशिवाय चालणं कधी, पहिल्या महिन्यात कोण लागेल. बहीण बारा दिवस राहायला तयार होती. बार्शीला आजींना घेऊन जायचा प्रस्ताव निघाला, तो आजींनी एका शब्दात मोडला. फील्डमधल्या जवानांच्या कुटुंबांसाठी काही लष्करी स्टेशनांवर क्वार्टर असतात. वैशाली आणि गौरीनं तिकडे जावं का, हाही विषय निघाला. पण म्हातारी माणसं मागे ठेवून जायला वैशाली तयार नव्हती, आणि कारखान्यातलं काम सुटलं असतं. तो विषय लवकर संपला.

प्रकाशनं ठरवलं की आत्ता नाही, जानेवारीत लांब रजा घेऊन यायचं. तोपर्यंत आजी चालायला लागलेल्या असतील, बहीण गेलेली असेल, वैशाली थकलेली असेल; खरी गरज तेव्हा. शिवाय जानेवारी म्हणजे नव्या वर्षाच्या खात्यातली रजा. हिशेबी निर्णय होता आणि मला तो पटला. आजींना पटला नाही. त्यांचं म्हणणं, हिशेब करायला आई काय भिशी हाय का?

गौरीला कसं सांगायचं यावर मात्र मी या वेळी हटून बसले. तारीख द्यायची नाही, कॅलेंडरवर गोल करायचा नाही. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा, तेवढीच खूण द्यायची. ‘पप्पा गड्ड्याच्या सुमाराला यायचं म्हणतात, पण पक्कं नाही. पक्कं झालं की ज्या दिवशी आम्हाला कळेल त्याच दिवशी तुला सांगू.’ फटाक्यातली भुईचक्रं तिनं स्वतःहून बाजूला ठेवली, एका डब्यात. आणि तिनं फोनवर सांगून टाकलं म्हणून कुणी तिला रागावू नये, हेही तिच्यासमोर बोललो. ती पोर चार दिवस अक्कांच्या घरात गप्प होती, तिला वाटत होतं आपल्यामुळे पप्पांचा फोन बंद झाला.

निष्पत्ती

डिसेंबरात पुन्हा पोटात गोळा आला. ९ तारखेला अरुणाचलमध्ये तवांगजवळ यांगत्सेला चिनी सैनिकांशी झटापट झाली आणि तीन दिवसांनी ती बातमी सगळीकडे आली. कुठे अरुणाचल, कुठे लडाख. पण वैशालीला एवढंच कळत होतं की आता रजा बंद होणार. तिनं त्या रात्री गौरीला सांगितलं, “कदाचित गड्ड्याला पण नाही जमणार.” गौरी म्हणाली, “पक्कं नव्हतंच ना.” मला वाटतं, एवढ्या सगळ्या प्रकरणात आमची एकच गोष्ट वेळेवर झाली, ती ही.

रजा बंद झाली नाही. तो निघाला, धुक्यानं उत्तरेत गाड्या खोळंबल्या, आणि पोचला तेव्हा नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, सगळं होऊन गेलं होतं. कोविडनंतर पहिल्यांदाच यात्रा पूर्ण थाटात भरली होती आणि लहानपणापासून बाराबंदी घालून नंदीध्वजापुढे चालणाऱ्या माणसाची ती हुकली. आमच्याकडे सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. नवरदेव म्हणून उभा असतो तो दंडच. दरवर्षी अक्षता टाकताना फौजींच्या बायका एकमेकींकडे बघून हसतात, त्याचं कारण बाहेरच्याला कळणार नाही.

होम मैदानावरचा गड्डा पुढे बरेच दिवस असतो, तो त्यांना मिळाला. पण पहिले दोन दिवस गौरी बापाजवळ गेली नाही. आजीच्या वॉकरमागे उभी राहून बघायची. फोनवर मात्र ती त्याच्याशी घडाघडा बोलायची. तेव्हा प्रकाश आतल्या खोलीत जाऊन बसला आणि तिथून तिला व्हिडिओ कॉल लावला. बाहेरच्या खोलीत ती, आतल्या खोलीत तो, मधे एक पडदा. वीस मिनिटं दोघं बोलले. तिसऱ्या दिवशी ती पडद्याच्या अलीकडे आली. भुईचक्रं त्या संध्याकाळी काढली. तीनपैकी दोन फुसकी निघाली.

आजी एप्रिलपर्यंत काठीवर आल्या. बिलाच्या परताव्याची फाइल मात्र ‘कळवायला उशीर का झाला’ या एका शेऱ्यावर बराच काळ फिरत राहिली. नवरा-बायकोतलं ‘पाहुणा’ हे प्रकरणही रजेत मिटलं नाही. मिटायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. ते बोललं गेलं हेच मला पुष्कळ वाटतं.

आता मागे वळून

पैशाचं सांगायचं तर प्रकाशनं त्या रजेत पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन वैशालीचं नाव खात्याला लावलं, दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल असं. चौदा वर्षांत हे का झालं नाही, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. कपाटाच्या दाराच्या आतून आता एक कागद चिकटवलेला आहे: त्याचा नंबर, युनिट, कंपनीच्या सुभेदार साहेबांचा फोन, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन, आजींच्या अवलंबित कार्डाची झेरॉक्स कुठल्या पिशवीत आहे ते. रेकॉर्डमध्ये तात्यांच्या जोडीला वैशालीचा नंबर घातला. फौजेकडून फोन आला तर काय बोलायचं, हे तात्यांना प्रकाशनं स्वतः शिकवलं: आधी विचारायचं, ‘मेरा बेटा कैसा है?’ ते कळलं की मग घरचं खरं सांगायचं.

सल्ला मी आज काय देईन? २३ च्या रात्री जिन्यातच फोन लावायला सांगेन. लागला नाही तर सुभेदार साहेबांना. मजकूर दोन ओळींचा: काय झालं, आत्ता कोण बरोबर आहे, पुढचा फोन कधी करू. यातलं शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तिकडच्या माणसाला काळजीपेक्षा तुटलेली लाइन जास्त खाते. १४ तारखेचं लपवणं तर टाळण्यासारखंच होतं. रजा पुढे गेली हे गौरीला त्याच रात्री सांगितलं असतं, तर ती रडून झोपली असती आणि दुसऱ्या दिवशी भाजणी चाळायला बसली असती.

काही गोष्टींचा मला अजून निकाल लावता येत नाही. प्रकाश पोस्टवर, रात्रीची ड्यूटी, हातात हत्यार, आणि आपण त्याला आईचं हाड मोडल्याचं सांगायचं, हे दरवेळी बरोबरच असेल का? माझे मिस्टर म्हणतात, ते ठरवायला तिथं साहेब असतो, निरोप आधी त्याच्याकडे जाऊ दे, बाकी तो बघेल. मला हे बरंचसं पटतं, पूर्ण नाही.

परवा वैशाली भाजी मंडईत भेटली. प्रकाशची बदली झाली आहे, आता तिथं रोज फोन लागतो. म्हणाली, “काकू, ते वैतागलेत. म्हणतात, सिलिंडर संपल्याचं मला कशाला कळवालीस?”

मी विचारलं, “मग?”

“कळवते,” ती म्हणाली, आणि मेथीची जुडी घासाघीस करून दहाला घेतली.